माठाखालचं शेवाळ

आमच्या चामराजपेटच्या घरात मधल्या खोलीला खिडकी नव्हती, म्हणून ती उन्हाळ्यातसुद्धा गार असायची. कोपऱ्यात लाकडी तिवईवर पिण्याच्या पाण्याचा माठ होता आणि तिवईखालची फरशी कायम ओली. लग्न होऊन आले तेव्हापासून ती फरशी पुसणं माझ्याकडे होतं. एका उन्हाळ्यात मात्र ती पुसायची नाही असं ठरलं. त्या उन्हाळ्याचं मला लिहायचं आहे.

घर आमचं नव्हतं. पुढच्या भागात मालक राहायचे, मागच्या खोल्यांत आम्ही भाड्यानं. मालक कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. गल्लीतले सगळे त्यांना मेष्ट्रु म्हणायचे, कन्नडमध्ये मास्तरांना म्हणतात तसं, म्हणून आम्हीही तेच म्हणायचो. त्यांची बायको वारलेली आणि मूलबाळ नव्हतं. ते कन्नड बोलायचे. आमचे लोक किती पिढ्यांमागे इकडे आले ते कुणालाच सांगता येत नाही, तेव्हा आम्हाला कन्नड परकं नव्हतं. त्यांचं बोलणं इथं मी मराठीतच लिहिते.

आमच्यात माणसं तीन. हे चिकपेटेत एका कापडाच्या दुकानात कामाला जायचे. दुसरी माझी थोरली नणंद, तिला सगळे अक्का म्हणत. अक्का फार लहानपणी विधवा होऊन माहेरी आलेल्या. आणि तिसरी मी. मला चारचौघांत तोंड उघडायची भीती वाटायची. भाजीवाल्याशीसुद्धा अक्काच बोलायच्या. "हिच्या वाट्याचंही मीच बोलते, म्हणून माझा घसा लवकर सुकतो," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

मेष्ट्रुंना एकच वेड होतं, शेवाळाचं. लोक लालबागेत गुलाब बघायला जात, मेष्ट्रु विहिरीच्या कठड्यापाशी गुडघे टेकून बसत. त्यांचा एक जुना विद्यार्थी शिकायला न्यूझीलंडला गेला होता आणि तिथंच कामाला लागला होता. तिकडून एक सरकारी जहाज कधीतरी खूप दक्षिणेला, माणसं राहत नाहीत अशा बेटांवर जायचं, आणि त्यावर याला घेतलं होतं. त्या बेटांवर एक शेवाळ आहे आणि जगात दुसरीकडे कुठंही नाही, हे मेष्ट्रुंनी तरुणपणी वाचलं होतं. त्यांनी त्याला लिहिलं, जातोच आहेस तर माझ्यासाठी ते घेऊन ये.

फाल्गुनात तो विद्यार्थी लग्नासाठी बंगळूरला आला. लग्न वैशाखात व्हायचं होतं आणि मग बायकोला घेऊन परत जायचं होतं. घरी सामान टाकून तो घोड्याच्या जटक्यानं आधी मेष्ट्रुंकडेच आला. मी त्या दोघांना कॉफी द्यायला पुढच्या पडवीत गेले होते. त्यानं बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला, आतलं ओलं मलमल बाजूला केलं आणि डबा दोन्ही हातांनी मेष्ट्रुंच्या पायांपाशी ठेवला. आत तळहातावर मावेल एवढं शेवाळ होतं. गर्द हिरवं, कडेला पिवळसर झाक, उशीसारखं फुगलेलं.

मेष्ट्रु हसले. एवढं मोकळं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "किती रे आणलंस! पुष्कळ होतं का तिथं?"

"कुठलं पुष्कळ, सर. सबंध दिवस हिंडलो तेव्हा एका खडकाच्या भेगेत सापडलं, बस्स. तुमच्यासाठी म्हणून सगळं काढलं. चाकूनं खरवडून घेतलं."

"सगळं?"

"सगळं, सर. काही ठेवलं नाही." हे तो अभिमानानं म्हणाला. गुरूला द्यायचं ते अर्धं कसं द्यायचं, असं त्याच्या मनात असणार. आपल्याकडे कुणीही तसंच केलं असतं.

मेष्ट्रुंचं हसू तोंडावर राहिलं, पण ते राहून गेल्यासारखं. त्यांनी कॉफी घेतली नाही. ती मी तशीच परत आणली, वर साय धरली होती.

तो गेल्यावर ते डबा घेऊन आमच्या मागच्या दारी आले. "अम्मा, तुमच्या माठाखाली ओल असते ना? याला तिथं जागा देता का? तो परत जाईपर्यंत हे जगवायचं आहे. जिथून काढलं तिथंच नेऊन ठेवायला सांगणार आहे मी त्याला."

मी मान हलवली. मला कुणाला नाही म्हणता येत नसे, पण हे मी मनापासून केलं.

त्यांनी सांगितलेलं मी सगळं पाळलं. नळाचं पाणी घालायचं नाही. तांब्याच्या भांड्यातलं तर मुळीच नाही. चैत्राच्या तोंडावर इकडे वळवाच्या सरी येतात, त्यांचं पन्हळीखालचं पाणी मी मातीच्या घड्यात भरून झाकून ठेवलं. मातीच्या पसरट थाळीत वाळू घालून त्यावर ते शेवाळ ठेवलं. दुपारी उकाडा वाढला की थाळीवर ओलं फडकं धरायचं. पालीपासून, मुंग्यांपासून, कोळशाच्या धुरापासून, सगळ्यांपासून मी ते जपलं. मला तेव्हा मूल नव्हतं. सकाळी उठून आधी कुणाकडे तरी बघायचं, ही सवय मला त्या थाळीनं लावली.

अक्कांना करमणूक झाली. "तुझी सासू मी पाहिली नाही म्हणायला नको, माझीच आई ती," त्या म्हणायच्या. "पण तिचेसुद्धा एवढे पाय धुतले नव्हतेस तू. ही बेटावरची सासू भारी निघाली हं." मग माझं लक्ष नाहीसं बघून स्वतःच वाकून थाळीतली वाळू चाचपून बघायच्या, ओली आहे ना म्हणून.

मेष्ट्रु रोज संध्याकाळी यायचे, दाराबाहेरच उभे राहून विचारायचे, "कसं आहे?" मी थाळी उचलून दाखवायची. एकदा त्यांनी नकाशाचं मोठं पुस्तक आणून ती बेटं दाखवली. माझ्या चौथीच्या भूगोलात हिंदुस्थानच्या खाली सगळं निळंच होतं. त्या निळ्यात इतकं खाली, मोहरी सांडावी तसे ठिपके होते.

"तिथं त्याला कुणी त्रास देतं का?" मी विचारलं. त्यांना मी विचारलेला बहुतेक तो पहिलाच प्रश्न.

"कुणी नाही. वारा, धुकं आणि पक्षी."

"मग एवढं कमी का?"

"काही गोष्टी स्वभावानंच थोड्या असतात, अम्मा. कुणी तोडलं म्हणून नाही, रोग आला म्हणून नाही. मुळातच थोडं. तेवढ्यावर ते हजारो वर्षं राहिलं." मग पुस्तक मिटून म्हणाले, "आणि मी एक कार्ड टाकलं."

त्यातली एक चिमूट त्यांनी कागदात वाळवून ठेवली होती, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला म्हणून. आयुष्यभर बघायचं होतं ते. पण ती पुडी त्यांच्या टेबलावर तशीच बंद पडून होती. केर काढायला गेले की मला दिसायची.

चैत्रगौर आली. आमच्या घरी गौर झोपाळ्यात बसवून एका शुक्रवारी हळदीकुंकू करायची पद्धत. गल्लीतल्या मराठी बायका यायच्या, शेजारच्या दोनचार कन्नड बायकाही. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. डाळ वाटायची, पन्हं करायचं, हरभरे निवडायचे, सगळं अक्का करायच्या. कुंकूसुद्धा त्या घरीच करायच्या; हळदीला चुना आणि लिंबू लावून, सावलीत वाळवून, खलून. लावणाऱ्या आम्ही. बायका यायच्या वेळी त्या स्वयंपाकघरात जाऊन बसायच्या आणि संपेपर्यंत बाहेर येत नसत. त्यांना कुणी जा म्हणायचं नाही. पण दुपारी तीनच्या सुमाराला मीच जाऊन म्हणायची, "अक्का, आता येतील हं बायका." तेवढंच. त्यात सगळं यायचं.

गौर मधल्या खोलीतच असायची, गारव्यासाठी. माठाच्या समोरच्या भिंतीला. थाळी हलवावी असं माझ्या मनात आलं होतं. पण हलवली की तिच्या कडा सुकतात, असं मेष्ट्रु म्हणाले होते, म्हणून राहू दिली.

गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एक म्हाताऱ्या आजी होत्या. सगळ्या सवाष्णींत वयानं मोठ्या, त्यांचा मान पहिला. पन्ह्याचा पेला हातात घेऊन त्या माठापाशी वाकल्या. "हे काय गं? आरास केलीस होय माठाखाली?"

मी म्हणाले, "नाही... ते बेटावरचं आहे. समुद्रापलीकडचं."

"कुठल्या बेटावरचं?"

"तिथं माणसं नसतात. कुणीच नसतं."

मला वाटलं मी पुरेसं सांगितलं. आजी सरळ झाल्या, सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "बघा गं बायांनो! माणसाचा हात न लागलेलं, म्हणजे देवाघरचंच की! आणि चैत्रात हिच्या दारी चालत आलंय. गौरीबरोबर यालाही लाव की कुंकू."

माझ्याच हातातल्या करंड्यातून त्यांनी हळद घेतली, कुंकू घेतलं, आणि शेवाळावर बोटं झटकली. वर चार ओले हरभरे ठेवून हात जोडले. मी म्हणाले, "अहो आजी..." तोवर दुसरी पुढे झाली. तिसरीनं तर चिमूटभर वाहिलं, तिच्या मुलीचं लग्न जमत नव्हतं. "नोडी, नम्म तुळशी हागे," एक शेजारीण म्हणाली, आपल्या तुळशीसारखंच आहे बघा म्हणून, आणि तिनंही लावलं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून अक्कांचा आवाज आला. दार जरासं उघडं होतं, त्यांचा अर्धाच चेहरा दिसत होता. "अगं कुंकू नको! चुना आहे त्यात, मरेल ते! पाणी आण, आधी पाणी घाल!"

कुंकवाकडे गेलेले हात थांबले. आजींनी कपाळाला आठी घालून विचारलं, "आतून कोण बोललं?" त्यांना माहीत होतं कोण ते. सगळ्यांनाच माहीत होतं. मुलीच्या लग्नासाठी चिमूट वाहणारी बाई तर घाबरून माझ्याकडेच बघायला लागली.

आणि मी गेले आणि दार लोटलं.

कुणी मला सांगितलं नव्हतं. मी करंडा डाव्या हातात धरला होता आणि उजव्या हातानं दार लोटलं. पलीकडून अक्कांचा हात दारावर होता, तो मला लाकडातून कळला. त्यांनी जोर लावला नाही. लगेच सोडून दिलं.

मग बायका पुन्हा बोलायला लागल्या. मी ओट्या भरल्या. "यंदा तुझ्याकडे पाळणा हलू दे गं," असं म्हणत त्या गेल्या.

शेवटची गेल्यावर दार उघडलं तर अक्का पावसाच्या पाण्याचा घडा कडेवर घेऊन उभ्याच होत्या. मला काही बोलल्या नाहीत. खाली बसल्या, हरभरे एकेक करून वेचले, आणि हाताच्या ओंजळीतून पाणी सोडत राहिल्या. पाणी लाल वाहायचं, मग केशरी, मग पुन्हा लाल. कुंकू शेवाळाच्या पोटात शिरलं होतं. आम्ही सगळा घडा संपवला. "तुम्ही तरी काही बोला ना अक्का," मी म्हणाले.

"बोलले होते की," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी मेष्ट्रु आले तेव्हा मी थाळी उचलली नाही. हेच बाहेर गेले आणि जे झालं ते सांगितलं. मी आतून ऐकत होते. मेष्ट्रुंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सरी, असू दे. अम्मांना सांगा, रडू नका म्हणावं. तुमच्याकडच्या बायकांनी मान दिला त्याला. माझ्या विद्यार्थ्यानंही मला मानच दिला." आणि निघता निघता, "सुरुवात माझ्यापासून आहे."

मला त्यानं बरं वाटायला हवं होतं. पण त्यांनी आपला भार सांगितला म्हणून माझा कमी झाला नाही. उलट त्यांचाही दिसायला लागला.

दोनचार दिवसांत वरचा भाग तपकिरी झाला. हात लावला की भुगा पडायचा. मी थाळी फेकायला उचलली, तर अक्कांनी माझ्या हातून काढून घेतली. उजेडात नेऊन, चष्मा नाकावर ओढून, त्या बोटानं कडेकडेनं चाचपत राहिल्या. थाळीची एक बाजू तडकलेली होती. त्या तड्याखाली शेवाळाची कड दुमडून गेली होती, तिथं कुंकू पोचलं नव्हतं. नखाएवढं हिरवं.

"आहे," अक्का म्हणाल्या. "स्वल्प आहे."

नव्या थाळीत नवी वाळू घालून ते आम्ही लावलं. या वेळी माठाखाली नाही. अक्कांनी ते स्वयंपाकघरात, पाण्याच्या हंड्यामागे, आपल्या बसायच्या पाटाशेजारी ठेवलं. "इथं कुणी सवाष्ण पूजा करायला येत नाही," त्या म्हणाल्या. त्या हसून म्हणाल्या, पण मला हसता आलं नाही.

लग्न झालं. आम्हाला अक्षता होत्या, पण मी गेले नाही. परत जायच्या आदल्या दिवशी तो विद्यार्थी नव्या नवरीला घेऊन मेष्ट्रुंच्या पाया पडायला आला. मेष्ट्रुंनी तोच पत्र्याचा डबा धुऊन, वाळवून तयार ठेवला होता. आम्हाला त्यांनी पुढं बोलावलं. डब्यात ओल्या मलमलीत ते नखाएवढं हिरवं ठेवलं. मग टेबलावरची पुडी आणली, ती अजूनही बंदच होती, आणि तीही डब्यात ठेवली.

"सर, ही तर तुमच्या अभ्यासाची," तो म्हणाला.

"वाळलेलंही कधीकधी पाणी मिळालं की जगतं. तेही ने. त्याच भेगेत ठेव."

"सर, रागावू नका, पण एवढंसं... तिथं नसलं तरी कुणाला कळणारसुद्धा नाही."

"मला कळलंय ना," मेष्ट्रु म्हणाले.

तो खाली बघत राहिला. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, त्यालाही हे टोचत असणार. फक्त तो तरुण होता, आणि त्याचं नुकतंच लग्न झालं होतं.

नव्या नवरीला हळदीकुंकू दिल्याशिवाय पाठवत नाहीत. ती आमच्या मागच्या खोलीत आली. हसरी, बडबडी मुलगी होती. मी करंडा आणला. डबा अक्कांकडेच होता, शेवटचं पाणी शिंपडायला आत नेला होता. मी दाराशी जाऊन म्हणाले, "अक्का, तुम्हीच या. तुम्हीच द्या तिच्या हातात."

"वेडी का काय तू? नवी नवरी आहे. तिच्या मनात काही यायला नको." त्यांनी डबा दारातूनच माझ्या हातात दिला. मग आतूनच मोठ्यानं म्हणाल्या, "आणि तिला म्हणावं, बोटीवर कुणाला पुजू देऊ नकोस!"

मुलगी हसली. "आत कोण आहे?"

तोच प्रश्न. मी दाराला हात लावला नाही. "माझ्या नणंद आहेत," मी म्हणाले. "यातलं जे राहिलंय ते त्यांच्यामुळे राहिलंय."

मुलगी डबा कडेवर घेऊन सरळ दारापाशी गेली आणि वाकली. अक्का पटकन मागे सरकल्या, हंड्याला पाठ लागेपर्यंत. आशीर्वाद त्यांनी दिला, पण इतक्या हळू की मला ऐकू आला नाही. त्या बाईचा आवाज मी आयुष्यात एवढा बारीक ऐकला नव्हता.

पुढं त्याचं पत्र आलं. जहाज गेलं होतं, खडक सापडला, त्यानं भेगेत ठेवून वर लहान दगड लावला होता. डब्यातलं अजून हिरवं होतं, असंही लिहिलं होतं. लागलं की नाही ते पुढच्या खेपेला कळेल. पुढच्या खेपेला समुद्र खवळलेला होता, कुणाला उतरताच आलं नाही. मग त्याचं काम बदललं. मेष्ट्रु आणखी काही वर्षं होते. दरवेळी भेटले की म्हणायचे, "लागलं असेल का, अम्मा?" आणि मी, जी सगळ्यांना हो म्हणायची, त्यांना हो म्हणू शकले नाही. "माहीत नाही," म्हणायची. त्यांनाही तेच बरं वाटत असावं. ते मान हलवून जायचे.

पुढच्या चैत्रात मी अक्कांना "आता बायका येतील" असं म्हणाले नाही. स्वयंपाकघराचं दार सताड उघडलं, मध्ये पाटा ठेवला, लोटलं जाऊ नये म्हणून. आणि म्हणाले, "अक्का, बाहेर बसा. कोण काय म्हणेल ते मी ऐकते."

अक्का हरभरे निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आत बसा म्हणालीस तेव्हा बसले. आता उठा म्हणतेस म्हणून लगेच उठू?" मग थोड्या वेळानं, माझी समजूत काढावी तशा, "अगं, सवय झाली. इथंच बरं वाटतं मला. तू जा, पन्ह्यात वेलदोडा घाल."

बायका आल्या. आजीही आल्या. दार उघडं होतं आणि अक्का आत त्यांच्या पाटावर बसून होत्या, हंड्यापाशी, जिथं ती थाळी होती तिथंच. त्यांना बाहेरचं सगळं दिसत होतं आणि बाहेरच्यांना त्या दिसत होत्या. त्या वर्षी, आणि त्यानंतर त्या असेपर्यंत दरवर्षी, मी दार उघडं ठेवलं. त्या कधी बाहेर आल्या नाहीत.